दोन झाडं आणि जवळची माणसं

मंडळी, नमस्कार. बदलापूरकरांसमोर झाडांविषयी बोलायचं म्हणजे जबाबदारीचं काम आहे. इथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे तुमच्यातला प्रत्येक जण मला झाडाबद्दल दोन गोष्टी शिकवू शकतो हे मी धरूनच आलोय. एक विनंती मात्र आत्ताच करतो. मे-जूनमध्ये जांभळाखाली हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची झोपायची कापडी झोळी, बांधू नका. रात्री वटवाघळांची पंगत बसते आणि सकाळी तुम्ही, तुमचं पांघरूण आणि तुमची दाढी, सगळं एकाच रंगाचं होऊन उठतं.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘हॅमॉक कॅम्पिंग आणि जवळपासचे सोबती’. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्यासाठीच मी आलोय. पण पहिल्याशिवाय दुसरा कळणार नाही, म्हणून थोडं आधी हॅमॉकबद्दल.

सह्याद्रीत तंबू लावायला सपाट जागा शोधताना किती वेळ जातो हे इथल्या ट्रेकर मंडळींना सांगायला नको. उतार, दगड, कारवीचे खुंट, आणि एखादी सपाट जागा मिळालीच तर ती नेमकी पाण्याची वाट असते. हॅमॉकला जमीन लागतच नाही. बारा ते पंधरा फुटांवर दोन धडधाकट झाडं असली की झालं, खाली मग काटे असोत की ओढ्याची गोटाळी. दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. मण्यार रात्री फिरते आणि तिचे दंश मोठ्या प्रमाणात जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात. चावल्याचं कित्येकदा कळतही नाही, झोपेतच विष भिनतं. मच्छरदाणीसकट हॅमॉकमध्ये, जमिनीपासून दीड फूट वर झोपणं ही आपल्या मुलखात फार मोलाची गोष्ट आहे. सकाळी बूट झटकून घालायचे, ते मात्र सोडायचं नाही.

हॅमॉक सगळीकडे चालतो असं मी म्हणणार नाही. बहुतेक गडांच्या माथ्यांवर तो कुचकामी आहे, कारण तिथे सहसा झाडंच नसतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हॅमॉक लावायचं स्वप्न कुणी बघत असेल तर त्याने ते आजच सोडावं. शिवाय हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याचे नियम आधी. हॅमॉक ही जंगलाच्या कडेची, आमराईची, गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या झाडीची गोष्ट आहे.

आता पहिल्या रांगेतल्या दोघांनी जरा उठा. ही दोरी धरा, दोन टोकांना. मधे मी ही दोन लिटरची पाण्याची बाटली अडकवतो. आता दोरी सैल सोडा… आणखी… बस. जोर लागतोय? फारसा नाही. आता दोघंही मागे सरका आणि दोरी अगदी सरळ करून दाखवा. ओढा! ओढा अजून! बघा, हात थरथरायला लागले आणि दोरी मधे वाकलेलीच आहे. दोन किलोच्या बाटलीने दोन जवान माणसं हरली. बसा, आभार.

यात चमत्कार काही नाही. पट्टा आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूला बरोबर तुमच्या वजनाइतका ताण येतो. सत्तर किलोचा माणूस, प्रत्येक झाडावर सत्तर किलो. तोच कोन दहा अंशांवर आणला की ताण दोनशे किलोच्या घरात जातो आणि पाच अंशांवर चारशेच्या. नवी माणसं हॅमॉक ताणून ताणून सरळ करतात, त्यांना वाटतं तसा तो पलंगासारखा होईल. होतं उलटंच. कापड दोन्ही बाजूंनी खांद्यांना आवळतं, पाठ केळ्यासारखी वाकते आणि पट्टे किंवा झाड, यांतलं जे कमजोर असेल ते दगा देतं. म्हणून झोळ राहू द्या. अकरा फुटी हॅमॉक असेल तर त्याच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर साधारण नऊ फूट ठेवा. आणि आत सरळ न झोपता तिरकं झोपा, डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. पाठ सपाट होते. ज्यांना कंबरेचा त्रास आहे त्यांनी हे करून बघावं आणि मग माझ्याशी वाद घालावा.

थंडी खालून लागते, हेही लक्षात ठेवा. स्लीपिंग बॅगचा अंगाखालचा भराव वजनाने दबतो आणि वारा खालून अंगाला भिडतो. तुमची नेहमीची कॅरीमॅट, म्हणजे फोमची चटई, हॅमॉकमध्ये टाका, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ती लागतेच.

झाड निवडायचं ते मांडीपेक्षा जाड आणि जिवंत. शेवगा, पांगारा, गुलमोहर नको, ही ठिसूळ. काटेसावर नको, का ते नावातच आहे. नारळाखाली तर नकोच. बिब्ब्याचं झाड ओळखायला शिका, त्याचा चीक कातडीला लागला तर फोड येतात. वर बघा, सुकलेली फांदी लटकत असेल तर दुसरीकडे चला. आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता दुसरीकडे चला. खोडावर हुमल्यांची, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांची, रांग असेल तर… ते तुम्हाला स्वतःच कळेल. आणि झाडाला दोरी नाही, दोन बोटं तरी रुंद पट्टा बांधायचा. सालीच्या लगेच आत झाडाचा जिवंत थर असतो, बारीक दोरी त्याच्यात रुतते. खिळा ठोकणाऱ्याबद्दल मी इथे सभ्य भाषेत काही बोलू शकणार नाही.

आता हिरडस मावळातली गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पुढे जातच नाही, तेव्हा संयोजकांनी घड्याळाकडे जरा कमी बघावं.

एका आयोजकाने पैसे भरून घेतलेला कार्यक्रम होता, नाव घेत नाही. आम्ही दहा-बाराजण. कुणी ठाण्याचं, कुणी पिंपरीचं, एक जोडपं साताऱ्याचं, एक मुलगा पनवेलचा. सगळ्यांची पहिली भेट बसमध्ये. भोरच्या पुढे, नीरा देवघर धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीजवळ आम्ही उतरलो आणि बस रात्रीपुरती परत भोरला गेली. वाडीच्या मागे ऐन, हिरडा, आंबे. आयोजकाचा माणूस भराभर झाडं वाटत सुटला, हे तुमचं, ते तुमचं. मला एक ऐन मिळाला. चांगला जाडजूड, भेगाळ सालीचा.

मी पट्टा बांधत होतो तेवढ्यात वाडीतली एक आजी सरपणाचा भारा घेऊन आली. भारा टाकला, झाडाभोवती एक फेरी मारली आणि हातातल्या कोयत्याच्या पाठीने खोडावर ठोकलं. माझ्या बाजूने ठक. पलीकडून ठोकलं तर ढब. म्हणाली, “ह्ये आतनं गेलंय. पानं हायेत म्हून जित्तं वाटतंय.” मग मला पलीकडे नेऊन बुंध्याजवळची वाळवीची माती दाखवली. माती बोटाने उकरली तर आत मनगट जाईल एवढं भोक. मला तिने एका आंब्याकडे नेलं, त्याच्यावर ठोकलं, कान लावला आणि म्हणाली, “ह्याला बांध. ह्याला माझ्या नातवाची झोळी असती.” आंब्याच्या आडव्या फांदीवर लुगड्याच्या पट्टीने सालीला पडलेली गुळगुळीत जागा होती. रुंद कापड, दुहेरी वेढा, गाठ वरच्या बाजूला. आम्ही पट्ट्याची रुंदी मोजून विकत घेतो ती अक्कल तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. 1492 मध्ये कोलंबस बहामाच्या बेटांवर उतरला तेव्हा तिथली माणसं टांगलेल्या जाळ्यांमध्ये झोपत होती आणि त्यांच्याकडूनच ही गोष्ट पुढे जहाजांवर गेली. जंगलात राहणाऱ्या माणसाकडून शिकायची पद्धत तेव्हापासूनची आहे.

तर आजी तिथेच टेकली. सगळ्यांचे हॅमॉक बघितले, एकाला “लय वर बांधलंस, पडलास तर कंबर जाईल” म्हणून खाली घ्यायला लावला. तिचं बरोबर होतं, आत बसल्यावर बूड खुर्चीच्या उंचीला असलं पाहिजे. मग तिने विचारलं, “तुमी समदी एका गावची का?” म्हटलं, नाही आजी, वेगवेगळ्या गावची. “मग पावणी-रावळी?” तेही नाही. ती काही बोलली नाही, भारा उचलून गेली.

रात्री दहाच्या सुमाराला पनवेलच्या मुलाला दमा लागला. पंप बॅगेत नाही. बसमध्ये राहिलाय. बस भोरला. मोबाइलला रेंज फक्त वरच्या सोंडेवर. आयोजकाच्या माणसाकडे त्या मुलाचं काय होतं? पैसे भरल्याची पावती आणि व्हॉट्सॲपचा नंबर, तोही त्याच मुलाच्या खिशातल्या फोनचा. घरचा नंबर नाही. त्याला दमा आहे हे कुणाला माहीत नाही. आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे होतो आणि आमच्यातल्या एकालाही त्याचं आडनाव सांगता येत नव्हतं. आजीच्या मुलाने मोटरसायकल काढली, पनवेलच्या पोराला मधे बसवून मागे साताऱ्याचा गृहस्थ बसला आणि अंधारातून वळणावळणाच्या रस्त्याने ते भोरच्या दवाखान्यात पोचले. सकाळी तो मुलगा ठीक होता, हसत परत आला. आजी त्याला बघायला आली आणि आयोजकाच्या माणसाला म्हणाली, “ह्येला काय झालं असतं तर ह्येच्या घरी सांगाय कोन गेलं असतं?”

त्या माणसाकडे उत्तर नव्हतं. त्याच्यावर माझा राग आहे आणि तो आजही गेलेला नाही. चार शहरांतली अनोळखी माणसं एका बसमध्ये भरायची, रात्री झाडांना टांगायची, सकाळी फोटो काढायचा आणि आपापल्या घरी सोडायचं, याला सहवास म्हणत नाहीत. त्या बसमधल्या कुणाशीही माझा आज संबंध नाही. त्या मुलाने पुन्हा हॅमॉक बांधला का, तेही मला माहीत नाही. चांगला, हौशी पोरगा होता.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

तर मुद्दा हा, की हॅमॉकचे सोबती घराजवळचेच हवेत. लोकलच्या पाच-सहा स्टेशनांतले. कारण हे हातांनी शिकायचं काम आहे, दुसऱ्याने तुमचा पट्टा ओढून बघितल्याशिवाय येत नाही. कारण जवळच्या माणसाला तुमचा पंप कुठल्या कप्प्यात असतो ते माहीत असतं. आणि कारण दूरची ओळख एका रात्रीत विरते, जवळची भाजी घेताना पुन्हा भेटते.

शोधायचे कुठे? हॅमॉकवाले म्हणून शोधू नका, फार थोडे मिळतील. पहाटे पक्षी बघणारे, झाडं ओळखत फिरणारे, सायकलवाले, तलावावर चालायला येणारे, यांना विचारा. ट्रेकिंग संस्थांमध्ये जा. मुलुंडचे चक्रम हायकर्स आहेत, पुण्यात 1982 पासून गिरिप्रेमी आहे, 1949 पासून काम करणाऱ्या यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या शाखा आहेत. मुलुंडला गिरिमित्र संमेलन भरतं, आपल्याला लोकलने जाता येतं. तिथे व्याख्यानं ऐकाच, पण मध्यंतरात चहाला उभं राहून ‘तुम्ही कुठे राहता?’ हे आधी विचारा.

पहिल्या भेटीत रात्र नको. रविवारी सकाळी आमराईत जमायचं, बांधायचं, सोडायचं, एकमेकांचं तपासायचं, जेवून घरी. दुसऱ्या वेळी अंधार पडेपर्यंत थांबायचं. रात्र तिसऱ्या वेळी. चार ते सहाजण पुरे. प्रत्येकाच्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात एक कागद, त्यावर घरचा नंबर, आजार, औषध. बाकीच्यांना तो कप्पा माहीत हवा. नव्या येणाऱ्या महिलांना पहिले दोन प्रश्न पडतात, शौचाची सोय काय आणि कोणकोण येतंय. त्यांनी विचारायच्या आधी दोन्हींचं उत्तर द्या. कुणी कुठल्या झाडाला बांधायचं हे त्यांना आधी ठरवू द्या. घोरणाऱ्याला शेवटचं झाड द्या, तंबूत ही सोय नसते.

परवानगीचं झटपट सांगतो. खाजगी आमराई असेल तर मालकाला विचारायचं, पैसे द्यायचे, झाडाखाली काही सोडायचं नाही. वनखात्याची जमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कचेरीत आधी जायचं. अभयारण्यात परवानगीशिवाय रात्र नाहीच. देवराईत हॅमॉक बांधायचा नाही, गावाने हो म्हटलं तरी नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात आपल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कळलं की आजूबाजूचं रान तुटलं तरी तिथे जुनी झाडं टिकली होती, ती गावाने हात लावला नाही म्हणून. आपणही लावू नये. शेकोटी नको, स्पीकर नको. शौचाला पाण्यापासून दोनशे फूट लांब, वीतभर खड्डा, वर माती.

वेळ संपली, ठीक आहे. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता कोंडेश्वर रस्त्यावरच्या एका आमराईत आपण जमतोय, मालकांची परवानगी घेतलीय, दुपारी बाराला घरी. माझ्याकडे चार जादा हॅमॉक आणि पट्टे आहेत, तुमच्याकडे नसले तरी या. वही फिरतेय, तिच्यात नाव, घरचा नंबर आणि स्टेशन लिहा. स्टेशन विसरू नका, त्यावरूनच मी तुमच्या जोड्या लावणार आहे. वही तिसऱ्या रांगेत अडकलीय, काका, जरा मागे सरकवता?