पीजचा टॉवर

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर एक टेकडी आहे. 1984 साली तिच्यावर लोखंडी टॉवर उभा राहिला. शेजारी एक खोली, एक मोठी डिश आणि पत्र्याच्या शेडमध्ये डिझेलचा जनरेटर. आमच्याकडे टीव्ही आला तो असा. आम्ही चार-पाच पोरं एका रविवारी टेकडी चढून गेलो आणि तिथल्या ड्युटीवरच्या काकांना विचारलं, "काका, आमच्या शाळेचं गॅदरिंग टीव्हीवर दाखवाल का?" काका चांगले होते. त्यांनी आम्हाला आत नेलं, यंत्रांची कपाटं दाखवली, छोट्या पडद्यावर चालू असलेलं चित्र दाखवलं आणि म्हणाले, "बाळांनो, दाखवलं असतं रे. पण इथं कॅमेराच नाही."

ते होतं लघुशक्ती प्रक्षेपण केंद्र. त्या वर्षी काही महिने देशात जवळजवळ रोज एक या वेगानं अशी केंद्रं सुरू होत होती. इन्सॅट-1बी उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम यायचा, डिश तो पकडायची आणि टॉवर तो पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत पसरवायचा. बहुतेक केंद्रांची शक्ती होती 100 वॅट. एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी! तेवढ्यावर एक तालुका टीव्ही बघत होता, याचं मला आजही नवल वाटतं. पण काकांचं ते वाक्य मनातून गेलं नाही. टॉवर आमच्या टेकडीवर आणि त्यातून आमच्या गावाबद्दल एक शब्द नाही. पुढे कळलं, की याच देशात एका लहानशा केंद्रानं हे करून दाखवलं होतं, आणि तेही आमच्या टेकडीवर टॉवर येण्याच्या नऊ वर्षं आधी. आज त्या केंद्राबद्दल बोलायचं आहे.

गुजरातमधला खेडा जिल्हा. चरोतरचा सुपीक पट्टा, तंबाखूची शेती आणि गावोगावच्या दूध सोसायट्या. या जिल्ह्यात नडियादजवळ पीज नावाचं गाव आहे. 1975 साली तिथं एक किलोवॅटचं प्रक्षेपण यंत्र बसवलं गेलं. एक किलोवॅट म्हणजे आपल्या घरातली इस्त्री घेते तेवढी शक्ती. मोठ्या शहरातल्या केंद्रांपुढे ती काहीच नव्हती, पण आजूबाजूच्या गावांना पुरेशी होती.

त्याच वर्षी 1 ऑगस्टला साइट, म्हणजे उपग्रहाद्वारे टीव्हीवरून शिक्षण देण्याचा प्रयोग, सुरू झाला. अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता आणि सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही पोचला. या प्रयोगाची धुरा वाहणारे एकनाथ चिटणीस आपल्या कोल्हापूरचे. विक्रम साराभाईंबरोबर पहिल्यापासून काम केलेला हा शास्त्रज्ञ. शंभरी पूर्ण करून 2025 मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला. खेड्यातल्या माणसाला टीव्ही आधी मिळाला पाहिजे, असं मानणारी ती पिढी होती, आणि मला त्या पिढीबद्दल फार आदर आहे.

31 जुलै 1976 ला साइट संपला. उपग्रह परत गेला, त्या खेड्यांतले पडदे काळे झाले. पीज मात्र सुरूच राहिलं, कारण त्याचा टॉवर जमिनीवर होता.

सुमारे 400 गावांत मिळून सहाशेच्या वर सार्वजनिक टीव्ही संच ठेवले होते. कुठे दूध सोसायटीत, कुठे पंचायतीत, कुठे शाळेत. आता ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळची वेळ आहे. सोसायटीत दूध घालून झालंय, रिकाम्या बरण्या घेऊन बायका तिथंच टेकल्यात. संच उघडला जातो. पोरं पुढे, म्हातारी माणसं भिंतीला टेकून, सगळं गाव एका पडद्यासमोर. आणि त्या पडद्यावरचा माणूस त्यांच्याच बोलीत, चरोतरच्या गुजरातीत बोलतो आहे.

कार्यक्रम अहमदाबादला इस्रोच्या अंतराळ उपयोग केंद्रात तयार व्हायचे. पण त्याआधी माणसं खेड्यांत जायची. समाजशास्त्रज्ञ गावात राहून लोकांना काय हवंय, काय खुपतंय ते समजून घ्यायचे. हलका व्हिडिओ कॅमेरा घेऊन गावातच चित्रण व्हायचं, गावकरी त्यात स्वतः बोलायचे, कामही करायचे. 'दाद फरियाद' नावाचा कार्यक्रम होता, त्यात गावाच्या तक्रारी थेट पडद्यावर यायच्या. 'हूं ने मारा ए', म्हणजे 'मी आणि आमचे हे', ही कुटुंबनियोजनावरची मालिका होती. शेतमजुराची मजुरी, जातिभेद, दारू, हुंडा, सगळं त्यात आलं. जाहिरात एकही नाही.

मंडळी, यातली अवघड गोष्ट यंत्र नव्हती. यंत्र विकत मिळतं. गावात जाऊन आधी ऐकायचं आणि मग बोलायचं, हे कष्टाचं काम होतं, आणि पीजसाठी काम करणाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं केलं. 1984 सालचं ग्रामीण संवादासाठीचं युनेस्कोचं पारितोषिक पीजच्या या कामाला, म्हणजेच खेडा प्रकल्पाला मिळालं. अगदी योग्य होतं ते.

पण त्याच काळात देशाचा टीव्ही दुसऱ्या दिशेनं चालला होता. दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम, रंगीत चित्र, प्रायोजित मालिका. अहमदाबादच्या मोठ्या टॉवरचं प्रक्षेपण खेडा जिल्ह्यातही दिसू लागलं, तेव्हा पीजची गरज काय, असा हिशेब झाला. 1985 मध्ये पीजचं प्रक्षेपण थांबलं. यंत्र मद्रासला दुसऱ्या वाहिनीसाठी न्यायचं ठरलं. पीजच्या लोकांनी त्याला विरोध केला. एरवी गावं रस्त्यासाठी, पाण्यासाठी भांडतात. इथं एक गाव आपल्या टीव्ही केंद्रासाठी उभं राहिलं. घरी दुसरं चित्र दिसत असतानाही उभं राहिलं, कारण त्या चित्रात ते स्वतः कुठेच नव्हते.

त्यांचं ऐकलं गेलं नाही.

आमच्या टेकडीवरचं केंद्र नंतर बरीच वर्षं चाललं. 2022 पर्यंत देशभरातली अशी जवळजवळ सगळी केंद्रं बंद झाली, त्यात आमचंही गेलं. गेल्या दिवाळीत मी टेकडी चढून गेलो. खोलीला कुलूप आहे, जनरेटरची शेड रिकामी आहे. वरून अख्खं गाव दिसतं. शाळेचं मैदान तर अगदी समोर, खिडकीतून कॅमेरा धरला असता तर स्टेजसकट सगळं गॅदरिंग मावलं असतं इतकं समोर.

नमस्कार.