किलोचा भाव आणि पॅलेटचा खर्च

पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टने उचलायच्या फळ्यांच्या चौकटीवर, रचलेल्या मालाभोवती ताणून गुंडाळायची प्लास्टिकची स्ट्रेच फिल्म घेताना पहिला प्रश्न असतो, "किलोला काय भाव?" उच्च क्षमतेच्या फिल्मचा बाजार आपल्याकडे अडतो तो याच प्रश्नाशी. चांगली पातळ फिल्म किलोला महागच असते. पॅलेटमागे ती किती पडते, हे कोणी मोजत नाही. आज आधी तेच मोजू.

500 मिलिमीटर रुंदीची 23 मायक्रॉनची फिल्म घ्या. ही फिल्म ज्या पॉलिथिनची बनते त्या एलएलडीपीईची घनता घनसेंटिमीटरला साधारण 0.918 ग्रॅम, म्हणजे फिल्म मीटरला साडेदहा ग्रॅम. 1200 बाय 1000 मिलिमीटरच्या पॅलेटचा घेर 4.4 मीटर. तळाला तीन, माथ्याला तीन आणि चढता-उतरता बारा, असे अठरा वेढे धरले तर मालावर 79 मीटर फिल्म बसते. हाताने गुंडाळणारा ती साधारण 30 टक्के ताणतो. म्हणजे रोलमधून 61 मीटर गेली, जवळजवळ 640 ग्रॅम. आता 12 मायक्रॉनची फिल्म आणि 250 टक्के प्री-स्ट्रेच देणारं, म्हणजे मालावर जाण्याआधीच रोलरांमध्ये फिल्म ताणणारं, मशीन घ्या. 250 टक्के म्हणजे एका मीटरचे अडीच नव्हे, साडेतीन मीटर. इथे चूक फार जणांची होते. मालावर ही फिल्म जेमतेम साडेतीन मायक्रॉनची उरते, म्हणून सहा वेढे जास्त घाला. तरी रोलमधून 30 मीटर, साधारण 165 ग्रॅम. किलोला दीडपट भाव दिला तरी उत्तर बदलत नाही. यात मशीनचा खर्च धरलेला नाही, हे खरं. दिवसाला दहा-बाराच पॅलेट निघत असतील तर तो भरून निघायला वेळ लागेल.

इतकी पातळ फिल्म टिकते कशी? मुख्यतः रेझिनमुळे, म्हणजे फिल्मच्या कच्च्या प्लास्टिकमुळे. साध्या एलएलडीपीईत सहघटक ब्युटीन असतो; हेक्झीन किंवा ऑक्टीनची, त्यातही मेटॅलोसीन नावाच्या उत्प्रेरकाने बनवलेल्या जातीची, जास्त ताणते आणि भोक पडलं तरी लवकर फाटत जात नाही. वेगवेगळ्या रेझिनचे थर एकत्र ओतले जातात: पूर्वी तीन-पाच, नॅनो म्हणून विकतात त्यात 33 किंवा 55. चिकटपणा बाहेरच्या थरात ठेवता येतो.

हातरोल घेताना काटा जवळ ठेवा. 500 मिलिमीटर, 23 मायक्रॉन, 300 मीटरच्या रोलमध्ये नुसती फिल्म 3.17 किलो भरली पाहिजे. आतल्या पुठ्ठ्याच्या नळीसकट, म्हणजे कोअरसकट, रोल तीन किलो भरला आणि कोअर 700 ग्रॅमचा निघाला, तर फिल्म 2.3 किलोच. मग एक तर ती 17 मायक्रॉनच्या आत आहे किंवा लांबी कमी आहे. वर पुठ्ठ्यालाही फिल्मचाच भाव दिलात.

मशीनवर लिहिलेल्या प्री-स्ट्रेचवर विसंबू नका. पहिल्या प्री-स्ट्रेच रोलरवर शाईची एक खूण करा. मालावर उमटलेल्या दोन खुणांमधलं अंतर मोजा आणि रोलरच्या घेराशी ताडून पाहा. घेर 250 मिलिमीटर आणि खुणांमध्ये 875 असतील, तर 250 टक्के बरोबर. कमी भरलं तर रोलरचं रबर गुळगुळीत झालंय किंवा फिल्म घसरतेय.

फिल्म तुटली की ऑपरेटर पहिल्यांदा ताण कमी करतो. मशीन थांबत नाही, पण माल सैल राहतो. तुटण्याचं कारण बहुधा दुसरंच असतं: खाली आपटून चिरलेली रोलची कड, पॅलेटमधून बाहेर आलेला खिळा, खोक्याचा धारदार कोपरा. कोपऱ्याला पुठ्ठ्याचा अँगल लावला की काम होतं. सगळ्यात जास्त घात तळाशी होतो. फिल्मने पॅलेटची वरची 50 ते 75 मिलिमीटर फळी पकडलेली नसेल, तर सगळा गठ्ठा एकजीव राहतो आणि तसाच फळीवरून सरकतो. त्याहून खाली गेलात तर फोर्कलिफ्टचे दात ती फाडतात. त्या जागी फिल्मची कड गोळा करून दोरीसारखा एक वेढा द्यावा. हलक्या खोक्यांना मात्र जास्त ताण चालत नाही, कोपरे चेपतात.

युरोपला माल पाठवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पॅलेट किती घट्ट आहे हे तिथे युमॉस 40509 या सुरक्षित मालवाहतुकीच्या युरोपीय मानकाच्या चाचणीने पाहतात: पॅलेट आडव्या त्वरणात ढकलून तो किती कलतो, किती सरकतो ते मोजतात. रस्त्यावरच्या जोरदार ब्रेकचा दणका त्यात येतो. म्हणून मागणी लिहिताना मायक्रॉनऐवजी हा निकाल मागा. दुसरं म्हणजे पुनर्वापरित प्लास्टिक. आपल्या ईपीआर नियमांत, म्हणजे प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणाऱ्या नियमांत, लवचिक पॅकेजिंगसाठी 2025-26 पासून 10 टक्क्यांची अट आहे. युरोपच्या नव्या नियमात अशा पॅकेजिंगसाठी 2030 ला 35 टक्के. पुनर्वापरित प्लास्टिकच्या दाण्यातला एक बारीक जेलचा कणही, म्हणजे नीट न वितळलेली गुठळीही, 12 मायक्रॉनच्या फिल्मला भोक पाडायला पुरतो. त्यामुळे पुरवठादाराकडून नमुन्याचा रोल घ्या आणि तो आपल्याच मशीनवर, आपल्याच मालावर, 250 टक्क्यांवर चालवून बघा.