नियम जेथे थांबतात: शासकीय कार्यालयांतील सामायिक मूल्यांची घडण

एका शासकीय कार्यालयात एकाच दिवशी दोन अर्ज येतात. दोन्ही एकाच कामासाठी आहेत, दोन्हींना एकच कागद जोडायचा राहिला आहे आणि दोन्हींना लागू होणारा नियमही एकच आहे. एका पटलावरचा कर्मचारी ‘अपूर्ण’ असा शेरा मारून अर्ज परत करतो. शेजारच्या पटलावरचा कर्मचारी अर्जदाराला बसवून घेतो, कोणता कागद हवा आणि तो कोणाकडून मिळेल हे समजावून सांगतो, अर्ज दाखल करून घेतो आणि त्रुटी दूर करण्यासाठी मुदत देतो. दोघांनीही नियम मोडलेला नाही. तरीही त्या दोन नागरिकांना त्या दिवशी दोन वेगवेगळी सरकारे भेटली.

नियमपुस्तिका कितीही सविस्तर लिहिली, तरी कर्मचाऱ्याच्या विवेकासाठी काही जागा उरतेच. ती जागा प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे भरायची, की त्याबाबत सर्व सहकाऱ्यांची काही समान धारणा असावी, हा या लेखाचा विषय आहे.

आधुनिक प्रशासनात या प्रश्नाची सुरुवात भरतीपासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक देशांत सरकारी पदे वशिल्याने किंवा राजकीय निष्ठेचे बक्षीस म्हणून दिली जात. ब्रिटनमध्ये स्टॅफर्ड नॉर्थकोट आणि चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांच्या १८५४ च्या अहवालाने भरती खुल्या स्पर्धा परीक्षेतून आणि बढती गुणवत्तेवर व्हावी, अशी शिफारस केली. अमेरिकेत १८८१ मध्ये, सरकारी नियुक्ती न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. गारफील्ड यांच्या मृत्यूनंतर सुधारणेच्या मागणीला बळ मिळाले आणि १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा संमत झाला. पद गुणवत्तेवर मिळू लागले, ही फार मोठी गोष्ट होती. मात्र परीक्षेतून निवडलेला माणूस नोकरीच्या वीस वर्षांनंतरही निःपक्षपाती राहील, याची हमी परीक्षा देऊ शकत नाही.

म्हणून विसाव्या शतकात आचारसंहिता आल्या. भारतात केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत नितांत सचोटी राखणे, कर्तव्यपरायण असणे आणि पदाला अशोभनीय असे वर्तन न करणे या मूळ अपेक्षा होत्या. २०१४ च्या दुरुस्तीने त्यांत राजकीय तटस्थता, पारदर्शकता, दुर्बल घटकांविषयी संवेदनशीलता आणि जनतेशी सौजन्याने वागणे यांसारख्या गोष्टी स्पष्ट शब्दांत घातल्या. ब्रिटनमध्ये लॉर्ड नोलन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९५ मध्ये सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे मांडली. निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा आणि प्रामाणिकपणा यांच्यानंतर सातवे तत्त्व नेतृत्वाचे आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. कारण आधीची सहा तत्त्वे सार्वजनिक पद सांभाळणाऱ्यांनी स्वतःच्या वागण्यातून दाखवावीत, हीच त्यामागची अपेक्षा आहे. ऑस्ट्रेलियाने १९९९ च्या कायद्यात पंधरा मूल्ये नमूद केली होती; २०१३ मध्ये ती पाचांवर आणली, कारण मूल्ये कर्मचाऱ्यांच्या सहज लक्षात राहणे आवश्यक होते.

यादी लहान असली, की ती लक्षात राहते. पण ती सर्वांची होते का? कॅनडामध्ये १९९६ साली जॉन टेट यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाने या प्रश्नाचा मूलगामी विचार केला. लोकसेवेतील मूल्यांविषयी सर्व स्तरांवर मोकळा आणि प्रामाणिक संवाद व्हायला हवा, यावर त्या गटाचा भर होता, आणि तेथील लोकसेवेची संहिता त्यानंतर काही वर्षांनी, २००३ मध्ये आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक कार्यालयांत नेमके उलटे घडते: संहिता वरून येते, तिच्यावर सही घेतली जाते आणि चर्चा कधी होतच नाही.

चर्चा कशाची करायची, हेही नीट समजून घ्यायला हवे. सचोटी चांगली की वाईट, यावर बोलण्यासारखे काहीच नाही. खरी अडचण येते ती दोन चांगली मूल्ये समोरासमोर उभी राहतात तेव्हा. प्रलंबित प्रकरणे लवकर निकाली काढणे ही सेवा आहे, आणि प्रत्येक प्रकरण बारकाईने तपासणे हा न्याय आहे. महिनाअखेरीस साचलेल्या नस्त्यांसमोर बसलेल्या लिपिकाने यांपैकी कशाला झुकते माप द्यावे? वयोवृद्ध अर्जदाराला रांगेतून पुढे घेतले, तर ती करुणा ठरते की मागे उभ्या असलेल्यांवरचा अन्याय? अशा प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नसते. परंतु कार्यालयातील दहा जण एकत्र बसून आपल्याच टेबलावर येऊन गेलेल्या एखाद्या प्रकरणावर तासभर बोलले, तर पुढच्या वेळी त्यांची उत्तरे एकमेकांच्या जवळ येतात, आणि न आल्यास मतभेद कोठे आहे हे तरी कळते. अशी बैठक कोणाची चूक शोधण्यासाठी नाही, हे तिच्या आरंभीच कार्यालयप्रमुखाने स्पष्ट सांगितले पाहिजे. अन्यथा कनिष्ठ कर्मचारी गप्प राहतात आणि बैठकीचा उपचार तेवढा पार पडतो.

दोन मूल्यांमधील सर्वांत अवघड ओढाताण वरिष्ठांच्या आज्ञेपाशी येते. आज्ञापालन आणि निर्भीड सल्ला या दोन्ही गोष्टी लोकसेवेला हव्या असतात. भारतातील केंद्रीय वर्तणूक नियमांनी येथे एक व्यवहार्य वाट दाखवली आहे: वरिष्ठांचे निर्देश सामान्यतः लेखी असावेत, तोंडी निर्देश शक्यतो टाळावेत आणि ते अपरिहार्य झालेच, तर वरिष्ठांनी लगेच लेखी दुजोरा द्यावा. तरतूद साधी आहे, पण तिच्यामुळे प्रामाणिकपणा एकट्या कनिष्ठाच्या धैर्यावर सोपवला जात नाही. कर्मचाऱ्याने टिपणीत आपले मत नोंदवावे, वरिष्ठाने ते पटले नाही तर कारणासह वेगळा आदेश द्यावा, आणि मग त्या आदेशाची मनापासून अंमलबजावणी व्हावी. ही पद्धत ज्या कार्यालयात रुळली आहे, तेथे निष्ठा आणि सत्य यांत सहसा संघर्ष उरत नाही.

नव्याने रुजू झालेला कर्मचारी प्रशिक्षणात जे ऐकतो, त्यापेक्षा शेजारच्या टेबलावर जे पाहतो ते लवकर उचलतो. म्हणून पहिल्या काही महिन्यांत त्याला कोणाच्या हाताखाली बसवले जाते, हा निर्णय केवळ सोयीचा मानू नये. कंत्राटी कर्मचारी, सुरक्षारक्षक आणि मदतकक्षातील सहायक यांना मूल्यविषयक प्रशिक्षणातून बहुधा वगळले जाते; वास्तविक नागरिकाची पहिली भेट अनेकदा त्यांच्याशीच होते, त्यामुळे हे वगळणे समर्थनीय नाही.

शेवटी प्रश्न मोजमापाचा येतो. वार्षिक मूल्यमापनात केवळ निकाली काढलेल्या प्रकरणांची संख्या मोजली जात असेल, तर भिंतीवरच्या मूल्यांच्या फलकावर काहीही लिहिलेले असले, तरी कर्मचारी संख्येमागेच धावणार, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. किती निर्णय अपिलात टिकले, अर्ज नाकारताना कारण समजेल अशा भाषेत दिले होते का, सहकाऱ्याची रजा असताना त्याचे काम कोणी सांभाळले, वेगळे मत नोंदवणाऱ्याची पुढे बदली तर झाली नाही ना, हे प्रश्न विचारणे कठीण असले, तरी अशक्य नाही. ते मूल्यमापनात आणण्याचे अधिकार वरिष्ठांकडे आहेत, आणि त्याची सुरुवात त्यांनी स्वतःच्या अहवालापासून करायला हवी.