राखीगढी : उंबऱ्याखालचं गाव

(दृश्य : थंडीतली पहाट. मातीचं उंच टेकाड. वाळत घातलेल्या गोवऱ्या.)

हरियाणाचा हिसार जिल्हा. म्हशी रेकायला लागल्या आहेत. डोक्यावर शेणाच्या पाट्या घेऊन बायका टेकाड चढतायत. गोवऱ्या वाळल्या की त्या रचायच्या, वरून शेणानं लिंपायच्या. या रचलेल्या ढिगाला इथं बिटोडा म्हणतात. बिटोड्यांच्या आजूबाजूला खापरं पसरली आहेत. त्यातली कितीतरी साडेचार हजार वर्षांपूर्वीची.

गावाचं नाव राखीगढी. खरं तर ही दोन गावं, राखी खास आणि राखी शाहपूर. दिल्लीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर.

(दृश्य : सपाट शेतं, मधेच उठलेली टेकाडं.)

एवढ्या सपाट मुलखात ही टेकाडं आली कुठून? ती माणसांनीच रचली, न ठरवता. मातीचं घर पडायचं, तीच माती सारखी करून त्यावर दुसरं उभं राहायचं. शेकडो वर्षं हेच चाललं. जवळून चौतंग नदी वाहत होती, आज तिचं कोरडं पात्र उरलंय. त्या पाण्याच्या आधारानं आधी शेतकऱ्यांची वस्ती झाली आणि पुढे हडप्पा संस्कृतीतलं एक मोठं नगर. रस्ते, सांडपाण्याची गटारं, लांबी, रुंदी आणि जाडी ४:२:१ या ठरल्या प्रमाणात असलेल्या विटा. मणी घडवणाऱ्यांची कामाची जागाही सापडली. त्यांचा दगड या मैदानात मिळत नाही, तो दुरून आणलेला.

(दृश्य : टेकाड क्रमांक ७, दफनभूमी.)

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं १९९७ नंतर इथं उत्खनन केलं. मग २०१३ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं आली, प्रा. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली. दफनभूमीतल्या सांगाड्यांमधून प्राचीन डीएनए मिळवायचा प्रयत्न झाला. इथल्या उष्ण हवामानात तो टिकणं फार अवघड. एकसष्ट नमुने तपासले, तेव्हा कुठे एकानं पुरेशी साथ दिली. ती एक बाई होती. तिच्या सोबत मातीची भांडी ठेवलेली होती. २०१९ साली तिचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश तिच्यात आढळला नाही. आर्य बाहेरून आले की नाही, यावर त्यावरून देशभर वाद पेटले. मला मात्र त्या भांड्यांपाशी थांबावंसं वाटतं. कुणीतरी ती भरून, जपून तिच्याजवळ ठेवली असतील.

(दृश्य : अरुंद गल्ली, अंगणातला हातपंप.)

टेकाड क्रमांक ४ आणि ५ वर आजचं गाव नांदतंय. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, असा कायदा आहे. २०२० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातल्या ज्या पाच पुरातत्त्वीय स्थळांचा विकास जाहीर झाला, त्यात राखीगढीचं नाव होतं. गावाला त्याचा अभिमान आहे आणि घर सोडावं लागेल ही धास्तीही. या लोकांना अतिक्रमण म्हणणं मला पटत नाही. या टेकाडाचा सगळ्यात वरचा थर म्हणजे तेच. उत्खनन व्हायलाच हवं, पण त्यांच्याशी बोलून, त्यांना घर आणि गोठा दोन्ही देऊन.

(दृश्य : संध्याकाळ. घराघरांत दिवे.)

चुली पेटल्या आहेत. या घरांखालची बहुतेक माती अजून कुणी उकरलेली नाही.