छत्रीच्या खालची बाजू

नमस्कार. पडद्यावर दिसणारे हे छायाचित्र मी आंबोलीच्या जंगलात, भर जुलैमध्ये काढले. कुजलेल्या ओंडक्याच्या कडेला उभी असलेली पांढरीशुभ्र अळंबी, तिच्या छत्रीवर थबकलेले पाण्याचे थेंब आणि मागे धुक्यात विरघळलेली झाडी. घरी आल्यावर मी ते मोठ्या उत्साहाने एका कवकतज्ज्ञांना, म्हणजे बुरशीच्या अभ्यासकांना, दाखवले आणि नाव विचारले. त्यांनी उलट मलाच चार प्रश्न विचारले. छत्रीच्या खाली पापुद्र्यांसारखे कल्ले होते की बारीक छिद्रे? कल्ले असल्यास ते दांड्याला चिकटलेले होते की सुटे? दांड्याच्या तळाशी पिशवीसारखे काही होते का? आणि अळंबी लाकडातून उगवली होती की लाकडाशेजारच्या मातीतून? यांपैकी एकाचेही उत्तर माझ्या छायाचित्रात नव्हते आणि मलाही आठवत नव्हते. चौथ्या दिवशी मी पुन्हा त्या जागी गेलो, तेव्हा तिथे काळपट चिखलाचा एक ठिपका उरला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक अळंबीची किमान चार छायाचित्रे घेतो: ती जिथे उगवली आहे त्या जागेसह एक, बाजूने एक, खालून एक आणि दांड्याच्या तळाचे एक. खालची बाजू टिपण्यासाठी अळंबी उपटावी लागते, असा अनेकांचा समज असतो. पण दंतवैद्य वापरतात तसा लांब दांड्याचा छोटा आरसा छत्रीखाली धरला, तर कल्ल्यांची सगळी रचना त्यात दिसते आणि अळंबीला हातही लागत नाही. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीवाचून काही उपटण्याचा प्रश्नच येत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू आहे.

तळ का महत्त्वाचा, याचे उत्तम उदाहरण कोकणात आणि गोव्यात पावसाच्या सुरुवातीला वारुळांवर येणाऱ्या अळंबीचे आहे. वाळवी वारुळाच्या पोटात कुजक्या पालापाचोळ्याच्या पोळ्यांवर ही बुरशी जोपासते आणि तिच्यावरच पोसली जाते. त्या पोळ्यापासून जमिनीपर्यंत अळंबीचा दांडा मुळासारखा लांबलचक वाढत येतो, आणि छत्रीच्या मध्यावरचा टणक उंचवटा माती भेदून बाहेर पडायला उपयोगी पडतो. वरून काढलेल्या छायाचित्रात फक्त राखाडी-तपकिरी छत्री दिसते. ही सगळी कहाणी मात्र जमिनीलगत आणि जमिनीखाली असते. म्हणून अशा छायाचित्रात वारुळाची माती आलीच पाहिजे. पार्श्वभूमी ‘स्वच्छ’ करण्यासाठी आजूबाजूची पाने, काटक्या, शेवाळ वेचून काढण्याची सवय मला अतिशय चुकीची वाटते. त्या पानांखालीच कवकजाल, म्हणजे बुरशीच्या तंतूंचे जाळे, पसरलेले असते, आणि अळंबी कोणत्या झाडाच्या पाचोळ्यावर आली आहे हे तीच पाने सांगतात. एखादी काडी भिंगाच्या अगदी समोर येत असेल, तर ती बाजूला धरावी आणि काम झाल्यावर जागच्या जागी ठेवावी.

आता प्रकाशाकडे वळू. पावसाळी सदाहरित जंगलात दुपारी बारालाही तिन्हीसांजेसारखा अंधार असतो आणि हात साहजिकच फ्लॅशकडे जातो. ओल्या छत्रीवर फ्लॅशचा थेट प्रकाश पडला की तिथे पांढरा डाग उमटतो आणि तिचा मखमली किंवा चिकट पोत नाहीसा होतो. फ्लॅश वापरण्यापेक्षा शटरचा वेळ वाढवावा, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. फूल वाऱ्याने हलते. जाड दांड्याची अळंबी मात्र दोन-तीन सेकंद निश्चल उभी राहते. कॅमेरा जमिनीलगत, आडव्या केलेल्या ट्रायपॉडवर किंवा धान्य भरलेल्या पिशवीवर ठेवावा, आणि हाताचा धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. घोड्याच्या केसासारख्या बारीक दांड्याच्या जाती याला अपवाद आहेत, कारण वरच्या पानावरून टपकणारा एक थेंबसुद्धा त्यांना बराच वेळ डोलवत ठेवतो. तिथे वाट पाहण्याला पर्याय नाही. छत्रीच्या खालच्या अंधाऱ्या बाजूला थोडा उजेड हवा असेल, तर पांढऱ्या पुठ्ठ्याचा वहीएवढा तुकडा पुरतो.

पानांतून गाळून येणारा उजेड हिरवट असतो आणि त्यात पांढरी अळंबीही हिरवट दिसते. रंग ही ओळखीची खूण असल्यामुळे हा दोष केवळ दिसण्याचा राहत नाही. पावसानंतर हिरवळीवर येणारी एक विषारी अळंबी कोवळेपणी पांढऱ्या कल्ल्यांची असते आणि बीजाणू पिकू लागले की तिचे कल्ले खरोखरच हिरवट होतात. तुमच्या छायाचित्रातला हिरवा रंग बीजाणूंचा की झाडीचा, हे पाहणाऱ्याला कळायला हवे. म्हणून त्याच उजेडात, त्याच जागी एका पांढऱ्या कार्डाचे छायाचित्र आधी घ्यावे आणि घरी रंगांचा तोल त्यावरून साधावा. याच संदर्भात एक विनंती आहे: कोणाच्याही छायाचित्रावरून, माझ्याही, अळंबी खाण्याजोगी आहे असे ठरवू नका.

भिंगाचे गणित थोडक्यात सांगतो. अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सने वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी टिपताना, भिंगाचे छिद्र एफ ८ या मापावर ठेवले, तर जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. हे छिद्र फार लहान केले, तर एकंदर चित्रच मऊ पडते. त्यापेक्षा फोकस थोडाथोडा सरकवत दहा-वीस चौकटी घ्याव्यात आणि नंतर त्या संगणकावर एकत्र कराव्यात.

काही कवके मात्र एवढा वेळ देत नाहीत. जाळीचा पांढरा घोळ अंगाभोवती सोडणारी दुर्गंधी छत्री पहाटे अंड्यासारख्या गोळ्यातून बाहेर येते, तिची जाळी थोड्या तासांत उलगडते आणि दुपारपर्यंत ती मान टाकते. तिच्या टोकावर माश्या बसलेल्या असतात. त्यांना हाकलून ‘सुंदर’ छायाचित्र काढू नये. तो दुर्गंध त्यांच्यासाठीच आहे. बीजाणू त्यांच्याच पायांवरून दूर जातात.

पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवक संग्रह आहे, आणि तिथल्यासारखे वाळवून जतन केलेले नमुने अभ्यासाला अनिवार्यच असतात. परंतु वाळताना अळंबीचा रंग उडतो, आकार आक्रसतो आणि ती जिथे उगवली ती जागा तर सुटतेच. ताज्या अळंबीचे दिनांक, ठिकाण आणि ती कशावर उगवली होती ते नोंदवलेले छायाचित्र नमुन्याची ही उणीव भरून काढते.

शेवटी रात्रीविषयी, कारण भीमाशंकरच्या चमकणाऱ्या बुरशीबद्दल मला नेहमी विचारले जाते. वनखात्याची परवानगी घेऊन, दिवसा जागा हेरून, अमावस्येच्या आसपास जावे. टॉर्चच्या उजेडात फोकस साधून तो हाताने पक्का करावा, मग टॉर्च विझवून वीस मिनिटे अंधारात बसावे. हळूहळू पायाजवळच्या कुजक्या फांद्या फिकट उजळू लागतात. आपल्या डोळ्यांना तो उजेड जवळजवळ पांढुरका भासतो, कारण अशा अंधुक उजेडात डोळा रंग ओळखू शकत नाही. कॅमेरा मात्र अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक काळ तो साठवून गडद हिरवा दाखवतो. दोन्ही खरे आहे. म्हणून अशा प्रत्येक छायाचित्राखाली मी शटर किती सेकंद उघडे होते ते लिहितो, आणि नुसत्या डोळ्यांना काय दिसले होते तेही.