विणलेल्या भिंतींचे घर

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारे आणि दिवाळीनंतर पुन्हा सैल होणारे दार आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते. सुतार येतो, रंधा मारतो, काम भागते. पण अख्खे घरच त्या दारासारखे वागू लागले तर काय करायचे, हे स्वित्झर्लंडमधील ग्राउब्युंडेन प्रांताच्या सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

त्या डोंगराळ मुलखात भिंत रचतात ती आडव्या लाकडांची. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या तुळया एकावर एक ठेवून कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकींत अडकवतात. या पद्धतीला तिथे ‘श्ट्रिकबाउ’, म्हणजे विणीचे बांधकाम, म्हणतात. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, जाडीत मात्र आटते; त्यामुळे अशी भिंत काही सेंटीमीटर खाली बसते, पण खिडकीच्या चौकटीची उभी लाकडे होती तेवढीच राहतात. चौकटीच्या वर फट सोडली नाही, तर वरचा भार तिच्यावर येऊन काच तडकेल. म्हणून ती फट लोकरीसारख्या मऊ जिनसेने भरतात आणि तिच्यावर झाकणफळी एकाच कडेने ठोकतात, म्हणजे भिंत बसताना फळीला सरकायला वाव राहतो. शिवाय खिडकी जितकी रुंद, तितकी वीण तुटते. जुन्या घरांच्या खिडक्या लहान असण्याचे हे एक कारण, थंडी हे दुसरे.

सुट्टीला आलेल्या माणसाला मात्र समोरचा डोंगर अख्खा दिसायला हवा असतो. स्विस वास्तुरचनाकार पेटर त्सुमटोर यांनी याच प्रांतातील फाल्स गावाच्या वर, १,५०० मीटरपेक्षा थोड्या अधिक उंचीवरील लाइस या वाडीत २००९ मध्ये दोन लाकडी घरे पूर्ण केली, तेव्हा हाच पेच होता. लाकडी घरात राहावे, ही त्यांच्या पत्नीची जुनी इच्छा. त्सुमटोर यांनी भार विणीच्या लहान लहान कोठड्यांवर सोपवला आणि त्यांच्या मधल्या जागेत रुंद काचा बसवल्या. वीण न तोडता उजेड आत घेण्याची ही युक्ती मला त्या घरांच्या देखणेपणाहून मोठी वाटते. छपरावर तिथल्याच क्वार्टझाइट या कठीण दगडाच्या लाद्या आहेत. त्यांच्या वजनाने तुळया एकमेकींवर घट्ट दाबून बसतात.

आज अशी नवी घरे सहजासहजी उठत नाहीत. ११ मार्च २०१२ च्या सार्वमतानंतर, ज्या गावांत सुट्टीपुरत्या घरांचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे तिथे, काही अपवाद वगळता, नव्या सुट्टीघरांना परवानगी मिळत नाही. साहजिकच जुनी घरे वाढवण्याकडे लक्ष वळते, आणि तिथे ही वीण पुन्हा आडवी येते. शंभर वर्षांची भिंत जेवढी बसायची तेवढी बसून गेलेली असते. तिला नवी भिंत खिळ्यांनी पक्की जखडली, तर खाली जाते ती एकटी नवीच, आणि सांधा उकलतो. दोन्हींच्या मध्ये सरकता जोड ठेवायचा, हे नकाशाच्या पहिल्या रेघेपूर्वीच ठरवावे लागते.