चाळणीची सावली

ही पिठाची चाळणी घरून आणली आहे आणि रात्री परत न्यायची आहे, तेव्हा आधी तिचंच काम उरकतो. समोरच्या भिंतीवर तिची सावली बघा. टॉर्च जरा डावीकडे नेला की सावली उजवीकडे सरकते. म्हणजे टॉर्च दिसला नाही तरी तो कुठे आहे हे सावली सांगते. गॅमा किरणांचा स्फोट, म्हणजे प्रकाशाच्याच जातीच्या पण फार जोरकस किरणांची अचानक उसळी, आकाशात कुठे झाला, हे असंच शोधतात.

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? कारण हे किरण भिंगातून वळत नाहीत आणि साध्या आरशावरून परतत नाहीत. दुर्बीण करायची कशाची? त्यात आपलं वातावरण त्यांना अडवतं, म्हणून उपकरण वर न्यायलाच हवं. अमेरिकेचे वेला उपग्रह वर गेले होते ते अणुचाचण्यांवर पाळत ठेवायला. 2 जुलै 1967 रोजी त्यांनी गॅमा किरणांची एक विचित्र उसळी टिपली. पुढे अशा सोळा उसळ्या जमल्या, त्या पृथ्वीच्याही नव्हेत आणि सूर्याच्याही नव्हेत हे पटलं, आणि मग 1973 साली ही गोष्ट जाहीर झाली.

त्यानंतर चोवीस वर्षं अडचण एकच. स्फोट केव्हा झाला ते सेकंदाच्या अंशापर्यंत ठाऊक, पण कुठे झाला म्हणाल तर अंदाजपंचे! 28 फेब्रुवारी 1997 रोजी बेप्पोसॅक्स या इटली आणि नेदरलँड्सच्या उपग्रहाने एका स्फोटाची जागा चांगली नेमकी दिली. ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने त्याच रात्री तिथला फोटो काढला, आठवड्याभराने पुन्हा काढला. दोन्ही शेजारी ठेवले तर पहिल्यातला एक ठिपका दुसऱ्यात नव्हता. स्फोटाचा झोत भोवतालच्या वायूवर आदळतो आणि मागे एक उजेड रेंगाळत विझत जातो, त्याला आफ्टरग्लो म्हणतात. दृश्य प्रकाशात सापडलेला पहिला आफ्टरग्लो म्हणजे तो ठिपका.

आता पुन्हा चाळणी. हिच्यात एक खोट आहे. भोकं सारख्या अंतरावर असल्यामुळे सावली एका भोकाएवढी सरकली की पुन्हा पहिल्यासारखीच दिसते, आणि आपण फसतो. म्हणून 20 नोव्हेंबर 2004 रोजी उडालेल्या स्विफ्ट उपग्रहाच्या चाळणीत शिशाचे पाच मिलिमीटरचे सुमारे 52,000 तुकडे मुद्दाम वेडेवाकडे बसवले आहेत. मीटरभर खाली 32,768 संवेदक सावली वाचतात. दिशा कळली की उपग्रह जमिनीवर कोणालाही न विचारता स्वतःच वळतो आणि साधारण मिनिटभरात त्याची क्ष-किरण दुर्बीण आणि 30 सेंटिमीटरची दृश्य-अतिनील दुर्बीण तिकडे रोखली जाते. मला विचाराल तर स्विफ्टची खरी करामत हे वळणं. परवानगीची वाट बघत बसला असता तर हाती राखच आली असती.

19 मार्च 2008. आपल्याकडे सकाळचे पावणेबारा वाजत आले होते, चिलीत मात्र रात्र होती. स्विफ्टला भूतप तारकासमूहात, आपल्या स्वातीच्या घरात, स्फोट सापडला. गंमत अशी की अर्ध्या तासापूर्वी जवळच दुसरा एक स्फोट झाला होता, म्हणून चिलीतल्या लास कम्पानास वेधशाळेच्या ‘पाय ऑफ द स्काय’ या पोलिश कॅमेऱ्याच्या चौकटीत ती जागा आधीपासूनच होती. उजेड 5.3 प्रतीपर्यंत चढला (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त). म्हणजे काळ्याभोर आकाशाखाली नेमकं तिकडे बघणाऱ्याला तो अर्धा मिनिट नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. प्रकाश निघाला होता 750 कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा आपला सूर्यही जन्मला नव्हता. दैव लागतं ते असं.

याच्या उलट प्रकारही घडतो, आणि त्यात आपली माणसं आहेत. 4 जानेवारी 2017 रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली गुरुत्वलहर, म्हणजे खुद्द अवकाशालाच बसलेला हेलकावा, नोंदली गेली. ती आली त्या दिशेच्या भल्यामोठ्या पट्ट्यात हवाईच्या ॲटलस दुर्बिणींना दुसऱ्या दिवशी एक झपाट्याने मंदावणारा उजेड दिसला. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश? ताबडतोब कान टवकारले गेले. ॲटलसपाशी जागा अगदी अचूक होती, पण उजेड कधी पेटला याचा पत्ता नव्हता.

वेळ होती ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या सीझेडटीआय नावाच्या उपकरणाकडे, ज्याची माहिती पुण्यात आयुका या खगोलसंस्थेत छानली जाते. याचीही चाळणीच आहे, पण फार जोरकस किरण तिला आणि पेटीच्या भिंतींना जुमानत नाहीत, कुठूनही आत शिरतात. त्यामुळे हे उपकरण आकाशाचा मोठा भाग ऐकतं, दिशा मात्र धड सांगू शकत नाही. गुरुत्वलहरीच्या क्षणी त्याच्या नोंदीत काहीच नव्हतं. त्यानंतर सुमारे वीस तासांनी एक गॅमा स्फोट होता. ॲटलसचा उजेड ज्या चालीने विझत होता, ती चाल मागे मोजत नेली तर त्याच वेळेशी जाऊन भिडत होती. तो उजेड या स्फोटाचा आफ्टरग्लो निघाला. कृष्णविवरांशी त्याचं नातं एवढंच, की दोघं आकाशाच्या एकाच पट्ट्यात सापडले.